शेवटाचा रकाना

माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला. एकदा मुंबईला मामाच्या लग्नात आणि एकदा विशाखापट्टणमला, ऑफिसच्या सहलीत. जहाजात ते कधीच बसले नाहीत. तरी हैदराबादेत मलकपेठच्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघराशेजारच्या कपाटात अकरा जाडजूड रजिस्टरं आहेत, आणि त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी विलायतेतल्या गोद्यांमधून पाण्यात उतरलेली जहाजं आहेत. अक्षर सगळं बाबांचं. या रजिस्टरांत मी काय करून ठेवलं, ते मला सांगायचं आहे.

बाबा सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. पूल, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या इमारती यांचे नकाशे काढायचे. दर रविवारी सकाळी ते आबिड्सला जात. तिथली दुकानं त्या दिवशी बंद असतात, त्यांच्या पायऱ्यांवर आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. तिथल्या एका विक्रेत्याशी त्यांची दोस्ती होती. मी त्यांना चाचा म्हणायची. चाचा बाबांना नक्शासाब म्हणत. एका रविवारी चाचांनी एक मोठं, वाळवीनं खाल्लेलं पुस्तक बाजूला काढून ठेवलं होतं. स्कॉटलंडमधल्या एका जहाजबांधणीच्या कारखान्यानं आपण बांधलेल्या जहाजांची केलेली ती यादी होती, चित्रांसकट. शेवटची कितीतरी पानं गायब होती.

"नक्शासाब, ये तुम्हारे काम की चीज है," चाचा म्हणाले होते. "मैं क्या करूँ जहाजाँ का? यहाँ मूसी नदी में बी पानी नहीं."

बाबांनी ते घेतलं, आणि गायब पानं भरून काढायचा ध्यास घेतला. आधी एकाच गोदीची जहाजं, मग शेजारच्या गोदीची, मग पलीकडच्या नदीवरची. मी शाळेत असताना त्यांनी मला जलावतरण समजावून सांगितलेलं आठवतं. आईचा पोळपाट तिरका टेकवला, त्याला तेल चोळलं, वरून काडेपेटी सोडली. ती सुळकन घसरून परातीतल्या पाण्यात गेली.

"जहाज पाण्यात उतरतं तेव्हा त्याच्यात इंजिन नसतं, धुराडं नसतं, काही नसतं," बाबा म्हणाले. "नुसतं पोकळ लोखंड. उताराला चरबी लावलेली असते आणि त्यावरून ते आपल्या वजनानं जातं. नदी अरुंद असली तर समोरच्या काठावर आपटेल, म्हणून त्याला साखळदंडांचे ढीग बांधतात. ते ढीग फरफटत मागे ओढून धरतात."

आई परात मागत होती, कारण कणीक भिजवायची होती.

रजिस्टरात पाच रकाने. नाव, गोदी, जलावतरण, मालक, शेवट. पहिले चार रकाने बाबा पुस्तकांतून, पत्रं पाठवून, कसेबसे भरत. पाचवा बहुतेक कोरा राही. जहाज मोडीत निघालं की बुडालं, कुठे, कसं, हे हैदराबादेत बसून कळायचं कुठून? मग आई गेली, बाबा निवृत्त झाले, मी माझा मोडलेला संसार आवरून त्यांच्याकडे राहायला आले. तोवर इंटरनेट घराघरात आलं होतं. पण बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास सुरू झाला होता. कागदावरचं ते भिंग लावून वाचत. स्क्रीनकडे पाहिलं की पाणी यायचं. तेव्हा असं ठरलं, की दर रविवारी त्यांनी मला पाच-सहा जहाजांची चिठ्ठी द्यायची, मी आठवड्यात शोधायचं आणि पुढच्या रविवारी सांगायचं. ते लिहून घेणार.

पहिले तीन-चार महिने मी मनापासून शोधलं. जुन्या वर्तमानपत्रांची पानं स्कॅन करून ठेवलेली सापडतात. जहाजांच्या नोंदवह्या सापडतात. वेळ मात्र फार जातो. एकाच नावाची तीन जहाजं असतात, विकल्यावर नावं बदलतात. मी हायटेक सिटीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढणं हीच माझी नोकरी. घरी येईपर्यंत डोकं रिकामं झालेलं असायचं.

एका रविवारी मी काहीच शोधलं नव्हतं. विसरलेच होते. आंघोळ करून बाहेर आले तर बाबा टेबलाशी बसलेले, रजिस्टर उघडलेलं, पेनाचं टोपण काढलेलं.

"हं, सांग. पहिलं?"

'राहिलं बाबा, पुढच्या आठवड्यात' एवढंच म्हणायचं होतं. ते काही रागावले नसते. पण त्यांनी टोपण काढून ठेवलं होतं, आणि मी म्हणाले, "बुडालं. बिस्केच्या उपसागरात. वादळ होतं."

बाबांनी मान वर केली. "माणसं?"

"वाचली. सगळी वाचली. दुसरं जहाज आलं मदतीला."

"अरे वा," बाबा म्हणाले आणि ते लिहू लागले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला ते खोटं नाही, काहीतरी छोटी भेट दिल्यासारखं वाटलं. दुसरं जहाज मी इटलीत मोडीत काढलं. तिसरं धुक्यात खडकावर चढवलं आणि खलाशांना होड्यांतून किनाऱ्यावर आणलं.

त्यानंतर सोपं झालं. कधी खरं शोधायची, कधी दोन खरी आणि तीन मनाची. माझ्या वादळांत कोणी मरत नसे. बाबांना एकदा शंका आली होती. "तुझ्या जहाजांवरची माणसं बरी वाचतात गं," ते म्हणाले. मी हसले. तेही हसले. आता तो प्रसंग आठवला की मान खाली जाते, कारण तिथे थांबायची मला संधी होती.

हे दीड वर्ष चाललं.

मग एका चिठ्ठीत एकच नाव आलं, दोनदा अधोरेखित केलेलं. खाली बाबांनी लिहिलं होतं: 'आधी अमेरिकेकडे जाणारे प्रवासी नेई. मग मुंबईच्या मालकाला विकलं, नाव बदललं. मुंबईत प्लेग यायच्या आधीचं साल. शेवट नीट बघ.' ऑफिसात सॉफ्टवेअरच्या रिलीजचा आठवडा होता. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली, आणि रविवारी पर्समधून काढून वाचतावाचताच सांगितलं, "अरबी समुद्रात वादळात सापडलं. बुडालं. पण सगळ्या प्रवाशांना वाचवलं, बाबा. एडनला नेऊन उतरवलं."

"सगळ्यांना? नक्की?"

"हो."

बाबा त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. छत्री घेतली आणि रिक्षानं आबिड्सला गेले. मला वाटलं, पुस्तकं बघायला गेले असतील.

महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं, की बाबा दोन-तीन रविवार बाहेरच पडलेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "चाचा हल्ली बोलत नाही. सलाम घेतो आणि दुसरीकडे बघतो. ते जहाजाचं सांगितल्यापासून असं झालंय. मला वाटलं होतं, खूश होईल."

"कुठल्या जहाजाचं?"

मग त्यांनी सांगितलं. चाचांचे पणजोबा जिल्दसाज होते, पुस्तकांना पुठ्ठे बांधायचे. पणजी पोटुशी असताना ते हजला निघाले, मुंबईला जहाजात बसले आणि परत आलेच नाहीत. जहाजाचं नाव घरात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेलं. घरच्यांचा समज असा, की जहाज बुडालं आणि हजच्या वाटेवर ते अल्लाला प्यारे झाले. दरवर्षी त्यांच्या नावानं घरात फातेहाची प्रार्थना होई, खीर होई, गल्लीत वाटली जाई. ते नाव बाबांच्या यादीत निघालं, तेव्हा दोघं म्हातारे फुटपाथवर लहान मुलांसारखे नाचले होते म्हणे.

"आणि तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"तू सांगितलंस तेच. सगळे वाचले, एडनला उतरले. त्यानं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग म्हणाला, 'तो फिर वापस कायकू नहीं आए?'"

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला त्याच क्षणी कळलं. मी एका माणसाला बुडण्यातून वाचवलं होतं आणि त्याला बायकोपोरांना टाकून पळालेला करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी छोट्या मीटिंगरूमचं दार लावून शोधत बसले. चार तास लागले. चिठ्ठी आली त्या आठवड्यातही देता आले असते असे चार तास. जहाज बुडालं नव्हतंच. ते पुढे कितीतरी वर्षं चाललं आणि मग मोडीत निघालं. पण त्या वर्षीच्या फेरीत जहाजावर कॉलरा झाला होता. तांबड्या समुद्रातल्या एका बेटावर, जिथे हाजींना अलग ठेवत, तिथे सगळ्यांना उतरवलं होतं. बरेच जण तिथेच गेले आणि तिथेच पुरले गेले. वर्तमानपत्रात वरच्या वर्गातल्या चार प्रवाशांची नावं होती. डेकवरच्यांचा नुसता आकडा होता.

हे कळल्यावर मी लगेच सांगायला हवं होतं. मी तीन आठवडे गप्प बसले. रोज वाटायचं, आज सांगू. बाबा भाजी निवडत असायचे, रेडिओ ऐकत असायचे, आणि मी मनात म्हणायची, जेवण होऊ दे. जेवण झालं की म्हणायची, आज त्यांना बरं वाटत नाहीये. दोन रविवार तर मी त्यांना खरी शोधलेली जहाजं सांगितली, आणि त्या खरेपणानं मला जरा बरंही वाटलं. त्या तीन आठवड्यांची लाज मला मूळ खोट्यापेक्षा जास्त वाटते.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी, ते रजिस्टराला पुठ्ठा चढवत असताना, मी बोलले.

"बाबा, चाचांचं जहाज बुडालं नव्हतं."

"म्हणजे? तूच तर म्हणालीस."

"मी बघितलंच नव्हतं. तसंच सांगितलं."

"तसंच म्हणजे कसं?"

"मनानं."

त्यांनी डिंकाची बाटली बंद केली. मी त्यांना बेटाचं सांगितलं, कॉलऱ्याचं सांगितलं. सगळं झाल्यावर म्हणाले, "असं आणखी किती वेळा केलंस?"

"आठवत नाही."

"पाच? दहा?"

"जास्त, बाबा. चाळीस असतील. पन्नासही असतील."

ते उठले, कपाटातून शेवटची दोन रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली. "दाखव."

मी पानं उलटू लागले. काही ओळखू आली. बिस्केचं वादळ, धुकं, होड्या. पण बरीचशी कळेनात. मोडीत काढलं, अमुक बंदरात, असं लिहिलेलं. हे मी शोधलं होतं की रचलं होतं? सगळं एकाच शाईत, एकाच वळणदार अक्षरात. मला आठवत नाही हे बाबांना दिसत होतं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या पहिल्या रविवारपासून पुढच्या प्रत्येक नोंदीसमोर प्रश्नचिन्ह करायला सुरुवात केली. खऱ्या नोंदींसमोरही.

"हे खरं आहे बाबा, हे मी स्वतः बघितलं होतं, याची कात्रणंसुद्धा..."

"असेल," ते म्हणाले आणि प्रश्नचिन्ह केलं.

पानं संपायला पाऊण तास लागला. ते मला एक शब्दही वावगा बोलले नाहीत. पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "चाचाला तू सांगायचंस. मी येणार नाही."

रविवारी मी एकटी आबिड्सला गेले. चाचा पुस्तकांवरची धूळ कापडानं झटकत होते. मला बघून म्हणाले, "नक्शासाब की तबियत ठीक है ना?" आधी बाबांचीच चौकशी. मी तिथे उभ्यानं सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत. गिऱ्हाईकं येत होती, भाव विचारत होती. ते कोणाला उत्तर देत नव्हते.

"मतलब तुम देखेच नहीं?"

"नहीं चाचा."

"ऐसेच बोल दिए?"

"हौ."

त्यांनी हातातलं कापड पुस्तकांवर टाकलं. मग म्हणाले, "मेरे को मत बोलो. घर चलो. आपा को बोलो." शेजारच्या विक्रेत्याला ढिगावर लक्ष ठेवायला सांगून ते निघालेच.

आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण, ऐंशी ओलांडलेली. चादरघाटच्या पुलाजवळ एका गल्लीत घर होतं. त्या तख्तावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. चाचांनी मला समोर बसवलं आणि स्वतः दाराशी उभे राहिले. वाटेत त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की यंदा आपांनी फातेहा होऊ दिला नाही. 'भगोड़े की काहे की फातेहा,' म्हणाल्या, आणि त्या दिवशी दिवसभर जेवल्या नाहीत. आपांनी आपल्या आजोबांना पाहिलेलं होतं. बापाचं तोंड न पाहिलेले ते आजोबा म्हातारपणीसुद्धा हाजी परतायच्या दिवसांत नामपल्ली स्टेशनावर जाऊन उभे राहत.

मी पुन्हा सगळं सांगितलं. आपांचा अडकित्ता थांबला नाही.

"तो जहाज डूबा नहीं?" त्यांनी विचारलं.

"नहीं, आपा."

"सब बचे, वो बी झूट?"

"झूट."

"और ये बीमारी का, ये सच है?"

"सच है. कागज है मेरे पास." मी छापून आणलेलं पान पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"इसमें नाम है हमारे परदादा का?"

"नहीं आपा. डेक के लोगों के नाम नहीं लिखे."

"तो वो उस टापू पे मरे, के बच के कहीं गए, किस को मालूम?"

मी नकाराची मान हलवली.

आपांनी कागदाची घडी घातली आणि पानाच्या डब्याखाली ठेवली. "पहले हमको मालूम था," त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही, मला घराबाहेर जा म्हणाल्या नाहीत. आत कोणाला तरी हाक मारून चहा सांगितला. चहा आला, सोबत बिस्किटं आली. मी तो चहा प्यायले, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं. निघताना मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले तर त्यांनी पाय आत घेतले. ते रागानं की त्यांच्याकडे तशी रीत नसते म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "जेवलीस का?"

पुढच्या वर्षी चाचांनी बाबांना घरी बोलावलं. आपांनी फातेहा पुन्हा सुरू केला होता. 'जहाँ बी हैं, पहुँच जाएगी,' असं त्या म्हणाल्या म्हणे. बाबा गेले, खीर खाऊन आले. मला बोलावणं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. चाचा आता बाबांशी पहिल्यासारखे बोलतात. मी बरोबर असले तर माझ्याशीही बोलतात, पण बाबांना एखादी गोष्ट विचारायची असेल तर माझ्याकडून निरोप देत नाहीत. स्वतः फोन करतात.

रजिस्टरांचं काम आम्ही पुन्हा सुरू केलं. पद्धत मात्र बाबांनी बदलली. आता चिठ्ठी नाही. रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसते आणि जे सापडेल ते इंग्रजीतच मोठ्यानं वाचते. पहिल्या दिवशी मी सवयीनं मराठीत सांगायला लागले, तर म्हणाले, "तू सांगू नकोस. वाच." सारांश त्यांना माझ्याकडून नको आहे. वर्तमानपत्राचं नाव, पानाचा क्रमांक, सगळं वाचायचं. मग ते प्रश्नचिन्ह खोडतात, किंवा खोटी नोंद काट मारून वर खरी लिहितात. दिवसाला दोन जहाजं होतात, कधी एकच. कित्येकांचा शेवट सापडतच नाही. तिथे ते 'माहीत नाही' लिहितात.

खरी वादळं माझ्यासारखी दयाळू नव्हती. ज्या जहाजावरची सगळी माणसं मी धुक्यातून किनाऱ्यावर आणली होती, त्यावरचा एकही माणूस परतला नव्हता. ते वाचताना मला आधी मी रचून सांगितलेला शब्दन्‌शब्द आठवत होता. बाबांनी ऐकलं, काट मारली, लिहिलं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांचा डावा डोळा पूर्ण गेला. उजव्यानं रकान्याची रेघ दिसत नाही, अक्षर खाली उतरतं. दोन रविवार ते तसंच लिहीत राहिले. तिसऱ्या रविवारी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"लिही आता तू."

"बाबा, मी?"

"मग कोण?"

मी पेन उचललं. त्यांच्या वळणदार ओळींखाली माझं अक्षर फारच उघडं पडणार होतं. जहाज एका छोट्या गोदीचं होतं, कोळसा वाहणारं. मी स्क्रीनवरचं वाचलं आणि मग पाचही रकाने लिहून काढले. बाबांनी भिंग उचललं, रजिस्टर उजव्या डोळ्याजवळ नेलं आणि एकेका अक्षरावरून भिंग सरकवत मी लिहिलेलं तपासायला सुरुवात केली. ओळ लांब होती. मी पेन हातात धरून त्यांचं होईपर्यंत बसून राहिले.